काय ऐकावं ते हरिभाऊ सांगत

हरिभाऊ राऊत माणसाचं तोंड बघून त्याला रेडिओवरचा कार्यक्रम सुचवत. आधी दोन घटका समोरच्याकडे नुसते पाहत राहत, मग म्हणत, "तुम्हाला सोमवारचं भजन नको. तुम्ही आधीच लई गप्प असता. बुधवारी दुपारी हसवणारं काहीतरी असतं, ते ऐका." आणि तो माणूस, पोस्टमास्तर असो की माडावर चढणारा भंडारी, बुधवारी दुपारी खरोखरच शाळेच्या ओटीवर येऊन बसे.

मी त्या गावात शाळामास्तरीण म्हणून गेले तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं आणि गावात वीज नव्हती. चौलच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी गाव. एका अंगाला नारळी-पोफळीच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला कोळीवाडा, आणि दोहोंच्या मधे आमची दोन खोल्यांची शाळा. सरकारकडून गावाला एक रेडिओ मिळाला होता. तो शाळेच्या ओटीवर, कुलूप लावलेल्या लाकडी पेटीत असे. त्याची चावी हरिभाऊंच्या जानव्याला.

मी हजर झाले त्याच संध्याकाळी ते मला बघायला आले. पन्नाशीचे, काटकुळे, गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी. कुठल्या गावची, घरी कोण, असलं काहीच त्यांनी विचारलं नाही. ओटीच्या पायरीवर बसून माझ्याकडे पाहत राहिले. मला अवघडल्यासारखं झालं. मग म्हणाले, "बाई, घरची आठवण येते ना? आठवडाभर गाणं ऐकू नका. गाण्यानं आठवण वाढते. शुक्रवारी श्रुतिका असते, नाटकासारखी. तिच्यात दुसऱ्याचं घर असतं. ते ऐका."

त्या शुक्रवारी मी ऐकलं, आणि गावात आल्यापासून पहिल्यांदा शांत झोपले.

तरुणपणी हरिभाऊ मुंबईत एका नाटक कंपनीत होते. रंगमंचावर कधी गेले नाहीत. विंगेत पुस्तक घेऊन उभे राहत आणि नट अडखळला की त्याला पुढचं वाक्य पुरवत. "आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडात शब्द घातले," असं ते हसत सांगत. कंपनी बुडाली तसे ते गावी परतले आणि वडिलांची पोफळीची वाडी बघू लागले. लग्न केलं नव्हतं. रेडिओ आला तेव्हा ग्रामपंचायतीला फार विचार करावा लागला नाही; सांभाळायला हाच माणूस.

आणि सांभाळणं सोपं नव्हतं. रेडिओ बॅटरीवर चाले. ती जड बॅटरी भरून आणायला मोटारीने अलिबागला न्यावी लागे, आणि परत आली की काळजीपूर्वक वापरावी लागे. दिवसभर लावून ठेवणं शक्यच नव्हतं. म्हणून काय ऐकायचं हे ठरवणं आलं, आणि ते ठरवण्यात हरिभाऊंचा जीव रमे. आठवड्याचे कार्यक्रम छापून आले की ते पेन्सिल घेऊन बसत. इथे खूण, तिथे फुली. सतत भांडणाऱ्या सासू-सुनेला ते महिलांच्या कार्यक्रमाला एकाच बाकावर बसायला लावत. पोस्टमास्तरांना ख्याल. वाडीवाल्यांना शेतीची माहिती, पण "पहिली पाच मिनिटंच ऐका, पुढं तेच तेच सांगतात," हा सल्ला जोडून. त्यांचं एक नेहमीचं बोलणं होतं : "कान सगळ्यांना दोनच, पण भूक प्रत्येकाची येगळी."

कोळीवाड्याला नाटकांची गोडी त्यांनीच लावली. कोळी यायचे ते आठ वाजता हवामान ऐकायला; ऐकून लगेच जायचे. त्यांतल्या धर्माला हरिभाऊंनी हेरलं. धर्मा तिशीचा, रुंद छातीचा, मोठ्याने हसणारा. स्वतःची होडी. त्याची मुलगी सुगंधा माझ्या वर्गात होती. हरिभाऊ त्याला म्हणाले, "धर्मा, तुझं हसू फुकट चाललंय. शुक्रवारी अर्धा तास आधी ये." तो आला, आणि मग एकही शुक्रवार चुकवीना. समुद्रावरून थकून आला तरी ओटीच्या खांबाला टेकून बसे. घरी जाऊन बायकोला, काशीला, सगळं नाटक वेगवेगळे आवाज काढून करून दाखवतो, असं सुगंधा शाळेत सांगायची.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, एक नाटक तीन शुक्रवार चाललं. एक म्हातारा सासरा बहिरा असल्याचं सोंग घेतो. त्याला ऐकू येत नाही असं समजून घरातले सगळे त्याच्यासमोर काय वाटेल ते बोलतात. आम्ही पोट धरधरून हसायचो. तिसऱ्या शुक्रवारी शेवटचा भाग होता. ओटी भरून अंगणात माणसं बसली होती.

त्या आठवड्यात बॅटरी भरायला न्यायची राहून गेली होती. मोटार दोन दिवस आली नव्हती. नाटक रंगात आलं आणि रेडिओवरचा छोटा दिवा पिवळा पडला. आवाज बारीक झाला. हरिभाऊंनी खटक्यावर हात ठेवला.

"आता बंद करतो," ते म्हणाले. "जरा इसावा दिला तर आठ वाजता पाच मिनिटं चालेल. हवामान तरी मिळेल."

ओटीवर कुरकुर झाली. पण बोलले ती मी. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. "हरिभाऊ, दहाच मिनिटं राहिली हो! आता शेवट चुकला तर जन्मात कळायचा नाही. आणि आभाळ बघा की कसं निवळ आहे."

हरिभाऊंनी आभाळाकडे पाहिलं. एक ढग नव्हता. मग खांबाशी बसलेल्या धर्माकडे पाहिलं. धर्मा नाटकात इतका गढला होता की त्याने नुसता हात हलवला : चालू दे. हरिभाऊंनी खटक्यावरचा हात काढून घेतला.

नाटक संपलं. सगळे हसले, कोणी टाळ्या वाजवल्या. आठ वाजले. रेडिओवरच्या बाईचा बारीक पण स्वच्छ आवाज आला, "आता कोळी बांधवांसाठी हवामानाची—" आणि दिवा विझला. हरिभाऊंनी खटका खालीवर केला, पेटीवर थाप मारली, तारा हलवल्या. पेटी मुकी झाली होती.

"धर्मा, उद्याचा दिवस थांबतोस का?" त्यांनी विचारलं. "सकाळी अलिबागला जाऊन विचारून येतो."

"थांबून कसा चालंल भाऊ? आभाल निवल हाय. दिवालीच्या मागं कसला आयलाय वारा?" धर्मा हसत म्हणाला आणि कोळीवाड्याकडे चालू लागला.

पहाटे पाच होड्या गेल्या. दुपारी एकाएकी वारा सुटला. शाळेची कौलं उडाली, मी मुलांना भिंतीशी धरून उभी राहिले. संध्याकाळपर्यंत चार होड्या आल्या. धर्मा आणि त्याच्याबरोबरचे दोघे आले नाहीत. तीन दिवस माणसं किनाऱ्यावर उभी होती. चौथ्या दिवशी कोर्लईच्या खडकांत होडीची एक फळी सापडली. माणसं सापडली नाहीत.

तेरावं झाल्यावर कोळीवाड्याच्या देवळापुढे बैठक बसली. पाटलाने विचारलं, "त्या सांजचा हवामान का लावला नाय?" हरिभाऊ उठून उभे राहिले. मी बायकांत उभी होते. माझ्या पुढेच काशी होती, सुगंधाला जवळ घेऊन.

"बॅटरी नाटकात गेली," हरिभाऊ म्हणाले. "मला शेवट ऐकायचा होता. म्हणून मी लावून ठेवलं."

"कोन बोल्ला लावून ठेव म्हणून?"

"कोण बोलणार? चावी माझी, खटका माझ्या हाताखाली."

ओटीवर त्या संध्याकाळी तीस-चाळीस माणसं होती. माझा आवाज कितीजणांनी ऐकला असेल, कोण जाणे. आवाज बारीक झाल्यामुळे सगळ्यांचे कान नाटकाकडे होते. कोणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. हरिभाऊंनी माझ्या दिशेने एकदाही पाहिलं नाही.

पाटलाने त्यांना शिक्षा केली नाही. "गेले ते गेले," एवढंच म्हणाला. ते शिक्षेहून वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी हरिभाऊ शाळेत आले. "बाई, एक पाटी द्या. फुटकी चालेल." त्या दिवसापासून ते रोज आठ वाजता हवामान ऐकत, पाटीवर लिहीत, आणि कंदील घेऊन कोळीवाड्यात जात. प्रत्येक दारात उभं राहून वाचत. वारा कुठला, लाटा कशा, जावं की न जावं. दुसरी बॅटरी त्यांनी कुठूनशी मिळवली आणि एक सतत भरलेली ठेवली. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत, तेव्हाही ते जात. लोक म्हणत, "भाऊ, आता कोन जातंय दर्यात?" तरी वाचून पुढच्या दाराशी जात.

कार्यक्रम सुचवणं त्यांनी सोडलं नाही, पण स्वतः नाटक ऐकणं सोडलं. शुक्रवारी रेडिओ लावून देत आणि वाडीच्या टोकाला, जिथे आवाज पोचत नाही तिथे, जाऊन बसत. दुसऱ्या दिवशी ज्यांनी ऐकलं त्यांना विचारत, "कसं होतं? म्हातारीचं काम कोणी केलं? रडवलं का?" आणि त्यावरून पुढच्याला सांगत, "ऐक, बरं असतं म्हणे." कोळीवाड्यातल्या कुणाला मात्र त्यांनी पुन्हा काही सुचवलं नाही.

मुलांत एक बोलवा उठली होती. दोन केंद्रांच्या मधे काटा नेला की खरखर येते, तिच्यात धर्माचं हसू ऐकू येतं. सुगंधाच्या कानावर जाऊ नये म्हणून मी मुलांना रागावले. हरिभाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "खरखर हाय ती. तिच्यात ज्याला जो पाहिजे तो गावतो." मग म्हणाले, "मला ती बाई ऐकू येते. 'कोळी बांधवांसाठी हवामानाची'. एवढंच. विहिरीवर ऐकू येते, जेवताना ऐकू येते. जन्मभर नटांना पुढचं वाक्य दिलं मी, बाई. हिचं पुढचं वाक्य काय ते मला माहीत न्हाय. तुम्हाला येते का कधी ऐकू?"

"नाही," मी म्हणाले.

खोटं बोलले. मला ती रोज ऐकू येत असे. फळ्यावर लिहिताना खडू थांबायचा.

अशी चार वर्षं गेली. हरिभाऊंचे डोळे अधू झाले तसं पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहायचं काम मी घेतलं आणि कंदील धरून त्यांच्याबरोबर जाऊ लागले. धर्माच्या घराशीही ते रोज थांबत. त्या घरात समुद्रावर जाणारं कोणी उरलं नव्हतं. काशी मासळी विकून पोट भरत होती. दार लोटलेलं असे. हरिभाऊ बंद दाराला हवामान वाचून दाखवत आणि पुढे होत. चार वर्षांत ते दार एकदाही उघडलं नव्हतं.

एका संध्याकाळी उघडलं. काशी उंबऱ्यात उभी राहिली.

"भाऊ, ह्या घरानशी कोन जातंय दर्यात? रोज कोनाला वाचतां तुमी?"

हरिभाऊ शांतपणे म्हणाले, "ह्या घरात वाचायचं राहिलं होतं, काशी."

ती उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "त्या नाटकाचा शेवट पन ह्या घरान राहिलाय."

"म्हणजे?"

"त्या सांजला येवून त्यांनी मना सगला करून दावला. म्हातारा, सून, सगल्यांचे आवाज. मी हसून हसून लोलत व्हते. मंग बोलले, फाटेचा जायाचा हाय, शेवट उद्या सांगतो." तिने पदर तोंडाशी नेला आणि खाली घेतला. "तुमी सांगा. काय झाला त्या म्हाताऱ्याचा?"

हरिभाऊ ओट्यावर बसले. मला वाटलं, हे आता उठून जातील. पण त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. आधी सून. मग थोरला मुलगा, बोबडा व्याही. विंगेत उभा राहून पुटपुटणारा तो माणूस कोळीवाड्याच्या ओट्यावर पूर्ण आवाजात नाटक करत होता. शेजारची दारं उघडली, बायका-पुरुष अंगणात आले. काशी आधी दगडासारखी बसली होती. व्याही आला तेव्हा तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचा हंबरडा फुटला. हरिभाऊ थांबले नाहीत. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज मोडला नाही. त्यांच्या शेवटात म्हातारा कुणालाच काही सांगत नाही. सगळं ऐकलेलं पोटात ठेवून तो सुनेच्या हातचं पाणी पितो आणि म्हणतो, "गोड आहे गं."

परत येताना मी म्हणाले, "हरिभाऊ, शेवट असा नव्हता. म्हातारा एका विनोदाला हसतो आणि पकडला जातो."

"असेल," ते म्हणाले. "मला काय माहीत? त्या दहा मिनिटांत माझं लक्ष दिव्यावर होतं. टिकतोय का, टिकतोय का. एक शब्द कानात गेला न्हाय."

म्हणजे ज्या शेवटासाठी आपण रेडिओ चालू ठेवला असं त्यांनी गावापुढे सांगितलं, तो त्यांनी ऐकलाच नव्हता. ऐकला होता मी. त्या क्षणी तरी मी काही बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "जपून, इथे दगड आहे."

पुढे माझी अलिबागच्या शाळेत बदली झाली. गावात वीज आली, मग खिशात मावतील असे रेडिओ आले. होडीवर न्यायचे, माडाखाली टांगायचे, दिवसभर चालू. काय ऐकावं हे कुणाला विचारायची गरज उरली नाही. पाटी घेऊन फिरणाऱ्या हरिभाऊंना नवी पोरं वाट द्यायची, पण वाचेपर्यंत थांबायची नाहीत. मी सुट्टीत भेटायला गेले की ते माझ्या तोंडाकडे पूर्वीसारखे पाहत. शेवटच्या भेटीत म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी आता काही सुचत न्हाय. तुम्ही थोडे दिवस रेडिओ बंदच ठेवा."

ते वाडीत शिंपणं करताना गेले. पाटातलं पाणी पोफळीला वळवायला वाकले आणि तिथेच बसले. निरोप मिळाला तेव्हा सगळं उरकलं होतं. मी दहाव्याला गेले. वाडीवाल्यांपेक्षा कोळीवाड्यातली माणसं जास्त होती.

सगळं आटोपल्यावर मी काशीच्या घरी गेले. सुगंधाचं लग्न होऊन ती उरणला नांदत होती. काशी अंगणात जाळं दुरुस्त करत बसली होती. मी बसले नाही. उभ्यानेच म्हणाले, "काशी, त्या संध्याकाळी हरिभाऊ रेडिओ बंद करत होते. मी बंद करू दिला नाही. आभाळ निवळ आहे असं मीच म्हणाले."

तिने हातातली सुई थांबवली नाही. "मना ठावं हाय, बाई."

"कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. त्या सांजला घरी येवून बोलले, भाऊ बंद करीत व्हता, पन बाईंनी हट्ट केला म्हणून सगला ऐकाया गावला. लई खुशीत व्हते." तिने गाठ मारून दोरा दातांनी तोडला. "बैठकीन भाऊ उभे राहून खोटा बोल्ले तवा मना वाटला, उठावा आन् सांगावा. मंग म्हटला, येवढा मानूस आपल्या अंगावर घेतंय, तं मी कशाला उघडा पाडू?"

"इतकी वर्षं तुला माझा राग नाही आला?"

"आयला की. दोन वर्सां तुमचा तोंड बघवत नव्हता." पहिल्यांदाच तिने मान वर केली. "पन पोरगी तुमच्या हाताखाली वाचाया शिकली. आन् भाऊ रोज दारान येत व्हते. मी वाट बघायची. मनात बोलायची, एक दिवस बाई पन बोलंल."

तिने जाळं बाजूला सारलं, उठून पदर खोचला. "चला. तुमची गाडी चुकंल," म्हणाली, आणि मला पोचवायला थांब्याकडे निघाली. वाटेत ती दोनदा मागे वळून माझ्यासाठी थांबली. मी मात्र शेवटपर्यंत तिच्या दोन पावलं मागेच चालले. तिच्या बरोबरीने चालणं मला जमलं नाही.